अवजलाचा आकडा आम्हालाही कळू द्या : कोयनेच्या पश्चिमेकडून एक खुले पत्र

प्रति,
कोयना आणि कोळकेवाडी धरणांचे पाणी ज्यांच्या हुकमाने सुटते आणि थांबते ते सर्व अधिकारी,
तसेच राज्यातील धरणांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते सर्व

स. न. वि. वि.

या धरणांच्या खाली, वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेल्या चिपळूणच्या बाजारपेठेत मी वह्या-पुस्तकांचे दुकान चालवते. पावसाळ्याआधी पूरनियोजनाची एक बैठक झाली. व्यापाऱ्यांच्या बाजूने मीही गेले होते. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी एकच विचारला: अतिवृष्टी चालू असताना कोळकेवाडीतून किती पाणी सोडणार आणि कधी सोडणार, हे आम्हाला किती तास आधी कळेल? व्यासपीठावरच्या एका साहेबांनी शांतपणे उत्तर दिले, "ताई, असे आकडे लोकांना दिले की घबराट पसरते. तुम्ही यंत्रणेवर विश्वास ठेवा."

मागे बसलेल्या दोघातिघांनी माना डोलावल्या, चहा आला, सभा संपली. मी चहा न घेता घरी आले. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र. साहेबांचे नाव मी लिहीत नाही. प्रश्न एका माणसाचा नाही आणि मला कुणाला उघडे पाडायचे नाही. मला उत्तर हवे आहे, आणि ते माझ्याबरोबर सगळ्या गावाला मिळावे म्हणून उघड विचारते आहे.

आमच्या दुकानाच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ आहे. ती माझ्या सासऱ्यांनी मारली. 26 जुलै 2005 च्या पुरात पाणी जिथवर चढले होते तिथे. त्या रेघेखाली पावसाळ्यात काही ठेवायचे नाही, हा आमच्या घरातला नियम. सासरे गेले तरी आम्ही तो पाळत होतो. 21 जुलै 2021 ला बकरी ईद होती, आषाढी एकादशी आदल्याच दिवशी होऊन गेलेली. संध्याकाळपासून पाऊस असा लागला की समोरच्याचे बोलणे ऐकू येईना. करोनामुळे शाळा बंद, त्यामुळे आदल्या वर्षाचा न खपलेला माल आणि त्या वर्षीचा नवा, दोन्ही दुकानात. रात्री बारापर्यंत आम्ही दोघांनी आणि मुलाने मिळून सगळे गठ्ठे रेघेच्या वर चढवले. सगळ्यात वरच्या कप्प्यात दोनशे पानी वह्या, त्याखाली चित्रकलेच्या. वर येऊन झोपलो ते निश्चिंत होऊन.

पहाटे जाग आली ती जिन्याखालच्या आवाजाने. टेबले एकमेकांवर आपटत होती. उजाडले तेव्हा पाणी रेघेच्या वर होते आणि चढतच होते. सासूबाई खिडकीशी बसून पायऱ्या मोजत होत्या. "सातवी गेली," "आठवी गेली," एवढेच म्हणायच्या. वीज रात्रीच गेली होती. मोबाइल सकाळी बंद पडले. बंद पडण्याआधी मी एका नियंत्रण कक्षाला अकरा वेळा फोन लावला होता. प्रत्येक वेळी लाइन व्यस्त. मला तेव्हा फक्त एवढेच विचारायचे होते की पाणी अजून किती चढणार आहे, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला घेऊन पत्र्यावर जायचे की थांबायचे ते ठरवता येईल.

पाणी ओसरल्यावर दुकान उघडायला गेलो तर कपाटे उघडेनात. वह्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि लाकडाच्या कप्प्यांत इतक्या घट्ट बसल्या होत्या की कपाटांच्या बाजूच्या फळ्या तडकल्या होत्या. शेवटी कोयत्याने फळ्या फोडल्या. आतून वह्या निघाल्या त्या भिजलेल्या पावासारख्या, हात लावला की बोटांना लगदा. सगळा माल फावड्याने भरून टेम्पोत टाकला. आमचे नुकसान पैशांत मोजता आले. गावात कोविड केंद्रातले रुग्ण दगावले, कुणाचे आईवडील गेले. त्यांच्यापुढे माझ्या वह्यांची काय कथा? तरीही सांगते आहे, कारण आम्ही बेफिकीर नव्हतो हे तुम्हाला कळावे. आम्हाला माहीत असलेल्या आकड्याप्रमाणे आम्ही पूर्ण तयारी केली होती. आमच्याकडचा आकडा सोळा वर्षे जुना होता, एवढेच.

आता मुद्द्यावर येते. 2021 चा पूर धरणाने आणला, असे मी म्हणत नाही. त्या दिवशी पाऊसच अचाट होता. 22 जुलैच्या सकाळपासूनच्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला. पौर्णिमा जवळ आलेली, समुद्राला उधाण. वाशिष्ठीचे पात्र गाळाने भरलेले. या सगळ्यात कोळकेवाडीच्या पाण्याचा वाटा किती, यावर गावात आजही भांडणे होतात. प्रशासन एक म्हणते, नाक्यावरची माणसे दुसरे म्हणतात. त्या रात्रीचा तासागणिक विसर्ग, म्हणजे धरणातून किती पाणी सुटले तो आकडा, तेव्हाच सगळ्यांसमोर असता, तर हा वाद दोन दिवसांत मिटला असता. तुमच्या बाजूनेही मिटला असता.

चिपळूणबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. कोयना नदी पूर्वेला वाहते, कराडला कृष्णेला मिळते. पण कोयना धरणाच्या शिवाजीसागरातले पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेलाही उतरवले जाते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्यावर वीज होते. मग ते कोळकेवाडीच्या धरणात साठते, अलोऱ्याला त्यावर पुन्हा वीज होते आणि उरलेले पाणी वाशिष्ठीत येते. आम्ही त्याला अवजल म्हणतो. उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती राहते ती या अवजलामुळे. वीजनिर्मिती थांबली की नदी उतरते आणि आमच्या नळांनाही ते कळते. 1960 च्या दशकापासून हे पाणी खोऱ्याला जगवते आहे, याची जाण गावातल्या प्रत्येकाला आहे. धरण नको, असे इथे कुणी म्हणत नाही. पण पावसाळ्यात हीच व्यवस्था उलटी फिरू शकते. कोयना 105.25 टीएमसीचे (म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी), कोळकेवाडी त्यापुढे चिमुकले. दोन-तीन दिवस कोसळला तर कोळकेवाडीला पाणी पोटात ठेवायला जागा राहत नाही. आलेले पुढे सोडावेच लागते. ते पाणी डोंगरातून आलेल्या पुरात मिसळते, समोरून दाभोळ खाडीची भरती चढते आणि मध्ये चिपळूण.

म्हणून माझी पहिली तक्रार: पूर्वेला मिळते ती माहिती पश्चिमेला मिळत नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहाचे एक युनिट चालू केले आणि 1050 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) सोडले, तरी कराड-पाटणच्या वर्तमानपत्रात बातमी येते. सहा वक्री दरवाजे किती फूट उचलले, दर सेकंदाला किती पाणी, धरणात आवक किती, सगळे छापून येते. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45 फूट, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. "आयर्विनला बेचाळीस" म्हटले की कुठल्या गल्लीतल्या माणसाने गाठोडे बांधायचे ते त्याला कळते. त्या आकड्यांनी सांगलीत घबराट पसरत नाही. उलट लोक शांतपणे सामान हलवतात. अवजल आणि कोळकेवाडीच्या सांडव्याचे, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी जिथून सोडतात तिथले पाणी मात्र आम्हाला नदीत आल्यावर दिसते. वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर आणि धोक्याची 7 मीटर हे कागदावर आहे. पण 6 मीटरला आमच्या गावातल्या मुरादपुरात किती पाणी, पेठमापला किती, वडनाक्याला किती, हे कुणी सांगत नाही.

दुसरी तक्रार वेळेची. आमच्याकडे पूर ही नदी आणि समुद्र दोघांची गोष्ट आहे. गोवळकोटची जुनी माणसे आधी भरतीची वेळ विचारतात, मग पावसाची. तेवढेच पाणी ओहोटीला सोडले तर खाडी ते घेऊन जाते. भरतीच्या तोंडावर सोडले तर ते बाजारपुलापाशी तुंबते आणि शिवनदीतून मागे फिरून गावात शिरते. भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी छापलेले असते. वीजगृह चालवण्याचे आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवताना ते समोर ठेवले जाते का? जात असेल तर तसे जाहीर सांगा, आमचा निम्मा जीव खाली पडेल.

इथे एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण जलविद्युत धरणाचा धोका फक्त पावसातून येतो असे आपण समजतो. 8 जून 2014 ला हिमाचलमध्ये मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले सहलीला आलेली, बियास नदीच्या दगडांवर उभी राहून फोटो काढत होती. वर 126 मेगावॉटचे लारजी धरण. वीजनिर्मिती कमी करायला सांगितली गेली, यंत्रातून जाणारे पाणी घटले, धरणात साठू लागले, म्हणून दरवाजे उघडले. 24 विद्यार्थी वाहून गेले. त्या दिवशी तिथे ढगफुटी नव्हती, वादळ नव्हते. विजेच्या मागणीचा हिशोब एका खोलीत झाला आणि नदी दुसरीकडे वाढली. मी ती बातमी वाचली तेव्हा माझा मुलगा अकरावीत होता. आमच्या डोक्यावरही वीजगृहच आहे. वादळात ग्रीड, म्हणजे विजेचे जाळे, बसले आणि यंत्रे अचानक बंद करावी लागली, तर ते पाणी कुठून जाणार, किती वेळात खाली पोहोचणार, भोंगा कोण वाजवणार? हे लिहून ठेवलेले असेल तर आम्हाला दाखवा.

वादळाचे म्हणाल तर 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ कोकणाने अंगावर घेतले आहे. दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. म्हणजे ज्या दिवशी इशाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, त्या दिवशी मोबाइलवरचा संदेश पोहोचत नाही. ही माझी तिसरी तक्रार. व्हॉट्सॲप ग्रुपवर इशारा टाकला म्हणजे इशारा दिला, असे धरू नका. आणि ज्या दिवशी गावात वीज नसते त्या दिवशी धरणाचे दरवाजे उचलणाऱ्या मोटारींना वीज कुठून मिळते? डिझेल जनरेटर असेल. तो पावसाळ्याआधी भार देऊन चालवून पाहिला का? सिक्कीममध्ये 4 ऑक्टोबर 2023 च्या रात्री दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला लोंढा आला तेव्हा चुंगथांगच्या धरणाचे दरवाजे वेळेत उघडता आले नाहीत. 1200 मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरणच वाहून गेले. आमच्याकडे हिमसरोवर नाही, दरडी मात्र आहेत. 22 जुलै 2021 लाच महाडजवळ तळीये गाव दरडीखाली गेले. कोळकेवाडीच्या जलाशयाच्या काठावरचे डोंगर त्याच सह्याद्रीचे आहेत, आणि खाली 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाची जमीन आहे.

चौथी तक्रार पूररेषांची आहे. 2021 नंतर आमच्या गावावर निळी आणि लाल रेषा आखली गेली. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर दुरुस्त करायचे तर माणूस कागद घेऊन फिरतो. आमच्या भिंतीवर सासऱ्यांची निळी रेघ आणि नकाशावर सरकारची निळी रेघ, दोन्हींत आम्ही राहतो. नियम पाळायला ना नाही. मग दुसरी बाजूही सांगा. कोळकेवाडीचा सांडवा पूर्ण क्षमतेने चालला आणि त्याच वेळी उधाण असले, तर पाणी कुठवर येईल, त्याचा नकाशा कुठे आहे? घर कुठे बांधू नये हे तुम्हाला सांगता येते, तर पाणी कधी येईल हेही सांगता यायला हवे.

आणि शेवटची तक्रार, जिच्यामुळे माझा धीर सुटला. संसदेने धरण सुरक्षा कायदा केला, तो 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. तो 15 मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरणाला लागू आहे. धरणाच्या मालकाने पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा करायचा, धरणाचे सर्वंकष सुरक्षा मूल्यांकन करून घ्यायचे, येणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधणारी आणि खालच्या गावांना इशारा देणारी यंत्रणा उभी करायची, आणि आवक-विसर्गाची माहिती लोकांना उपलब्ध करून द्यायची, असे त्यात आहे. पाच वर्षांची मुदत 30 डिसेंबर 2026 ची. म्हणजे बैठकीतल्या साहेबांनी घबराटीच्या नावाखाली जे नाकारले, ते देणे कायद्याने बंधनकारक आहे. मी माहितीच्या अधिकारात आराखड्याची प्रत मागितली. अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात वर्ग झाला, तिथून तिसऱ्या. तिसऱ्याचे उत्तर एका ओळीचे: "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही." तिन्ही पत्रे मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेघेच्या वर ठेवली आहेत.

काही झाले नाही, असे मी म्हणणार नाही. गाळ काढण्यासाठी गावाने साखळी उपोषण केले, त्यानंतर वाशिष्ठीतला आणि शिवनदीतला गाळ निघाला. हे काम चांगले झाले. ते करताना उन्हात उभ्या राहिलेल्या अभियंत्यांना आणि पोकलेन चालवणाऱ्या पोरांना आम्ही पाणी नेऊन दिले आहे. पण गाळ काढणे हे नदीचे काम झाले. धरणाचे काम वेगळे आहे, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. याच चिपळूण तालुक्यात 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटले. ते वीजनिर्मितीचे नव्हते, छोटे होते. धरणाला गळती आहे हे तिथले गावकरी आधीपासून सांगत होते. खालच्या वाडीतली 23 माणसे वाहून गेली. नंतर एका मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. गावकऱ्यांचे बोलणे वेळेवर ऐकले असते, तर कुणाला दोष द्यायची वेळच आली नसती.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

जून ते ऑक्टोबर कोळकेवाडीची पाणीपातळी, आवक, वीजगृहातून आणि सांडव्यातून होणारा विसर्ग दर तासाला जाहीर करा. संकेतस्थळावर तर टाकाच, पण बाजारपूल, चिंचनाका, बहादूरशेख नाका आणि खेर्डी इथे फलकावरही लिहा. खडूने लिहिले तरी चालेल.

अतिवृष्टीचा लाल इशारा आला की कोळकेवाडीत आधीच जागा करून ठेवा, आणि ती ओहोटी बघून करा. त्यासाठी काही तासांची वीज कमी-जास्त होईल. तो निर्णय घेण्याचा अधिकार धरणावर हजर असलेल्या अभियंत्याला लेखी द्या, म्हणजे पहाटे तीनला त्याला वरून फोन येण्याची वाट बघावी लागणार नाही.

नदीकाठच्या प्रत्येक वाडीत स्वतःच्या बॅटरीवर चालणारा भोंगा बसवा. कुठल्या आवाजाचा अर्थ काय, ते शाळांमधून शिकवा. मे महिन्यात एकदा तरी दिवसा आणि एकदा तरी रात्री सराव घ्या. आम्ही सगळे येऊ.

आपत्कालीन कृती आराखडा मराठीत, नकाशासह, नगरपरिषदेच्या आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दारावर लावा. घातपाताच्या भीतीने काही भाग गुप्त ठेवायचा असेल तर तेवढा ठेवा. पाणी कुठे किती वेळात पोहोचेल, हे त्यात गुप्त ठेवण्यासारखे काही नाही.

21 आणि 22 जुलै 2021 चा कोयना-कोळकेवाडीचा तासागणिक विसर्ग जाहीर करा. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून मी हे मागत नाही. आमच्या भिंतीवर आता दोन रेघा आहेत, दुसरी माझ्या मुलाने मारली. पहिलीच्या कितीतरी वर. तिसरी मारायची वेळ आली तर ती किती वर असेल, याचा हिशोब त्या आकड्यांवरून मांडता येईल.

22 जुलैला आम्ही बाजारपेठेतले काही दुकानदार दुकाने बंद ठेवून सकाळी दहा वाजता बाजारपुलावर जमतो. घोषणा नसतात, भाषणे नसतात. या वर्षी तुमच्यापैकी कुणीतरी कागद घेऊन तिथे यावे. खुर्ची आणि चहा आमच्याकडून.

आपली,
बाजारपेठेतील एक वह्या-पुस्तकांची दुकानदार,
चिपळूण